प्रश्नपेटी

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली निदान पंचवीस वर्षं एक धडा शिकवला नाही.

अगदीच सोडून दिला असं नाही म्हणा. फळ्यावर 'प्रजनन' असं ठळक अक्षरात लिहायचो, जास्वंदीच्या फुलाची सुरेख आकृती काढायचो, पुंकेसर-स्त्रीकेसर झालं की घड्याळाकडे बघून म्हणायचो, "माणसाचं तुम्ही घरी वाचा. सोपं आहे." मुलं माना खाली घालून हसायची, मुलींच्या बाकांवर एकदम शांतता पसरायची आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. माझ्या ओळखीच्या बहुतेक विज्ञान शिक्षकांची हीच रीत होती. मी काही वेगळा नव्हतो.

मग २००७ साल आलं. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे २००५ साली, केंद्राचं शिक्षण खातं आणि एड्स नियंत्रणाचं काम करणारी 'नॅको' यांनी मिळून किशोरवयीन मुलांसाठी एक शिक्षण कार्यक्रम आखला होता. त्याचं वारं फिरत फिरत आमच्यापर्यंत पोचलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात मला एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे प्रश्नपेटी. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि शिक्षकाने ती सगळ्यांसमोर वाचून उत्तर द्यायचं.

घरी येऊन मी बुटांच्या खोक्याला ब्राउन पेपर चिकटवला, वर फट पाडली आणि दुसऱ्या दिवशी नववी-दहावीच्या वर्गांना सांगितलं, "नाव लिहू नका. अक्षरावरून ओळखेन अशी भीती वाटत असेल, तर डाव्या हाताने लिहा." ही डाव्या हाताची कल्पना माझी स्वतःची. मला तिचा फार अभिमान वाटला होता तेव्हा.

पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस चिठ्ठ्या आल्या. बऱ्याचशा खरोखरच डाव्या हाताने लिहिलेल्या, कोंबडीच्या पायांनी उमटवल्यासारख्या. पाळीत पोटात दुखतं ते चांगलं की वाईट? झोपेत होतं त्याने शक्ती जाते का? एड्स डास चावून होतो का? मुलाचा हात धरला तर दिवस जातात का? मला मुलगी आवडत नाही, मित्र आवडतो, हा आजार आहे का?

मी आणखी एक गोष्ट विचारली होती : असे प्रश्न तुम्हाला कुणाला विचारावेसे वाटतात? मुलांनी बहुतेक 'मित्र' लिहिलं होतं. एकाने खाली प्रामाणिकपणे जोडलं होतं, 'पण त्याला काही माहीत नाही, नुसती शायनिंग मारतो.' मुलींच्या चिठ्ठ्यांत मोठी चुलत बहीण होती, वहिनी होती. आई फार थोड्या ठिकाणी, आणि तिथेही 'विचारायचंय पण ओरडेल'. बाबा एकाही चिठ्ठीत नव्हते. काहींनी 'डॉक्टर' लिहिलं होतं, 'पण आपल्या गावचे नको'. 'सर' असं कुणीही लिहिलं नव्हतं. एकाने किंवा एकीने फक्त लिहिलं होतं : 'पेटीला.'

त्या चिठ्ठ्या वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे आपण आधी कुठेतरी वाचलंय. मग आठवलं. र. धों. कर्वे.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हटलं की संततिनियमन, एवढंच आपल्याला आठवतं. फार तर अमोल पालेकरांचा २००१ सालचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा, १८८२ साली जन्मलेला, गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तेही हेच साल, म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई नोकरी करून घर चालवत. दोघांनी विचार करून मूल होऊ दिलं नाही.

आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. (त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. या दोन गोष्टींची गाठ पुढे पडणार आहे.) ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले तोवर, म्हणजे सव्वीस वर्षं, ते मासिक या माणसाने जवळजवळ एकट्याने चालवलं. लेख लिहायचे त्यांनीच, मुद्रितं तपासायची त्यांनीच, पदरचे पैसे घालायचे तेही त्यांनीच.

या मासिकात वाचकांची पत्रं छापली जात आणि कर्वे त्यांना उत्तरं देत. माझ्या मते तो आपल्या भाषेतला एक विलक्षण दस्तऐवज आहे. श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या दोन इतिहास अभ्यासकांनी या पत्रव्यवहारावर एक निबंध लिहिला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. पत्रं लिहिणारे होते मुख्यतः मध्यमवर्गीय पुरुष, शिकलेसवरलेले. आणि विचारत काय होते? हस्तमैथुनाने आयुष्य वाया जातं का, वीर्य गेलं की बुद्धी जाते का, आपल्या शरीरात काही खोट आहे का. त्या काळी ब्रह्मचर्याची महती आणि वीर्यनाशाचं भय घालणारं वाङ्मय मुबलक होतं. ते वाचून घाबरलेली माणसं कर्व्यांना पत्र लिहीत. आणि कर्वे कोरड्या, गणिताच्या मास्तरला शोभेल अशा भाषेत सांगत, की काही होत नाही, घाबरू नका. बस्स.

शब्दांचंच बघा ना. झोपेत जे होतं त्याला आपल्याकडचा शब्द 'स्वप्नदोष'. म्हणजे विचारण्याआधीच दोष सिद्ध! पाळीला 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण'. अवयवांची नावं घ्यायची तर एक शिवीतली आणि एक संस्कृतातली. मधला, स्वयंपाकघरात उच्चारता येईल असा शब्दच नाही. चौदा वर्षांच्या मुलाने आईला विचारायचं ठरवलं, तरी कोणत्या भाषेत विचारायचं?

असो. तर या प्रश्नोत्तरांवरच पुढे खटला झाला. त्याआधी १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून कर्व्यांना शंभर रुपये दंड झालेला होताच. १९३४ साली पुन्हा अटक झाली आणि या वेळी गुन्हा होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल होते. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेलेले, देशभर नाव झालेलं, डोक्यावर एका अख्ख्या समाजाचा भार. त्यांनी हे वकीलपत्र घ्यायचं काही कारण नव्हतं. पण घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं आहे, लोक खऱ्या अडचणी घेऊन प्रश्न विचारतात, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? विषय लैंगिक आहे एवढ्याने मजकूर अश्लील ठरत नाही. समलिंगी संबंधांविषयी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा दाखला दिला.

खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

मला या खटल्यातली एक गोष्ट फार विचित्र वाटते. विचारणाऱ्याला कुणी पकडलं नाही. पकडलं उत्तर देणाऱ्याला. तेव्हापासून आजपर्यंत आपली हीच पद्धत आहे. मुलांच्या मनात प्रश्न आहेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याला कुणाची फारशी हरकतही नसते. हरकत असते ती कुणीतरी मोठ्या माणसाने तोंड उघडून उत्तर देण्याला.

आमच्या वेळेला कुठून कळायचं ते सांगतो. माझं लहानपण अलिबागकडचं. शिमग्याला गावातली थोर माणसं होळीभोवती जे काही बोंबलायची, त्यातून आमचा शब्दसंग्रह तयार झाला. दुसऱ्या दिवशी तोच शब्द तोंडातून निघाला तर कानाखाली बसायची. हळदीच्या रात्री बायकांची थट्टामस्करी कानावर पडायची, पण पोरं जवळ आली की गप्प. एसटी स्टँडवर पिवळ्या वेष्टनातली पुस्तकं मिळायची. लग्न ठरलं, तेव्हा एका मित्राने वर्तमानपत्रात गुंडाळून डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' हातात ठेवलं. उत्तम पुस्तक. पण माझे प्रश्न बारा वर्षांपूर्वीचे होते! आपल्याकडे उत्तर मिळायचं ते लग्नपत्रिकेबरोबर.

मुंबईत डॉ. महिंदर वत्सांनी कुटुंब नियोजन संघटनेतून १९७४ पासून लैंगिक समुपदेशन आणि शिक्षणाचा आग्रह धरला. २००५ पासून ते 'मुंबई मिरर'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागले. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मिश्कील, दोन-चार ओळींची उत्तरं. डिसेंबर २०२० मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. तेही अश्लीलतेच्या तक्रारींतून सुटले नाहीत. आणि प्रश्न? थेट कर्व्यांच्या टपालातले. भाषा तेवढी मराठीची इंग्रजी झालेली. आमच्या करंजा-मोऱ्याकडच्या मुलांना मात्र ते सदर असून नसून सारखंच, कारण ते इंग्रजीत होतं.

आता २००७ कडे परत येतो. पहिल्या चिठ्ठ्यांची उत्तरं मी दोन शनिवार देत होतो. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली. दुसऱ्या दिवशी मुलं हसायची थांबली होती आणि ऐकत होती. मुलींमधल्या एकीने मान वर करून बघितलं. शिक्षकाला कळतं हो असं काही झालं की. मी पुन्हा पेटी ठेवली. चिठ्ठ्या पडू लागल्या.

आणि तेवढ्यात बंदी आली. कार्यक्रमातली चित्रं अश्लील आहेत, याने आपली संस्कृती बुडेल, असं म्हणत विधिमंडळात सगळ्या पक्षांचे आमदार एक झाले आणि राज्याने शाळांतलं हे शिक्षण थांबवलं. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक या राज्यांनीही तेच केलं. दोन वर्षांनी, २००९ साली, व्यंकय्या नायडू अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. गंमत म्हणजे नेमक्या त्याच काळात, २००६-०७ मध्ये, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने आणि पॉप्युलेशन कौन्सिलने महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या पन्नास हजारांहून जास्त तरुण-तरुणींची पाहणी केली होती. असं शिक्षण मिळावं असं बहुसंख्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात मिळालं होतं सुमारे १५ टक्क्यांना.

आमच्या शाळेत मला फक्त एवढंच सांगितलं गेलं : "आता ते बंद करा." मी बंद केलं. एका शब्दाने विरोध केला नाही. खरं सांगायचं तर पुन्हा ते जुनं, सुटल्यासारखं वाटणं आलं. पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात, तुटक्या भिंगांच्या मागे ठेवून दिली. आतल्या चिठ्ठ्यांसकट.

ती उघडली पुढच्या वर्षी, गणपतीच्या सुट्टीआधी कपाट आवरताना. तेवीस चिठ्ठ्या होत्या. बावीस नेहमीच्या. तेविसावी डाव्या हाताने लिहिलेली होती :

'आमच्या ओळखीचे एक काका आहेत. ते मला आवडत नाही असं करतात. मी नको म्हटलं तर हसतात. हे सगळ्यांना होतं का? कोणाला सांगू?'

दहावीची ती तुकडी तोवर शाळा सोडून गेली होती. नववीची मुलं दहावीत होती. मी वहीतल्या अक्षराशी चिठ्ठी जुळवून बघायचा प्रयत्न केला. पण डाव्या हाताचं अक्षर कुणाचंच नसतं. माझीच युक्ती. दहावीतल्या मुलींशी बाईंना बोलायला सांगितलं, काही हाती लागलं नाही. ती कोण, तिचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही.

पुष्कळ दिवस मी त्या डाव्या हाताला दोष देत होतो. नाव लिहायला सांगितलं असतं तर सापडली असती. पण नाव लिहायचं असतं, तर तिने लिहिलंच नसतं. चूक हात कोणता यात नव्हती. ती पेटी बंद झाली यात होती. पेटी चालू असती, तर पुढच्या शनिवारी मी चाळीस मुलांसमोर ती चिठ्ठी न वाचता एवढंच म्हटलं असतं, की अशी गोष्ट कुणाबरोबर होत असेल तर त्यात तुमची चूक नाही, आणि या अमुक बाईंना येऊन सांगा. मान वर करून कुणी बघितलं असतं. कदाचित.

कर्व्यांकडे येणारी पत्रं मुख्यतः पुरुषांची होती हे मी वर लिहिलं. पूर्वी मला ते नुसतं माहितीसारखं वाटायचं. आता वाटतं, की ज्या मुलींनी पत्रं लिहिली नाहीत त्यांच्याकडे काय काय होतं लिहिण्यासारखं! ज्यांना टपालतिकिटाचे पैसे, एकांत आणि उत्तर घेण्यासाठी एक पत्ता मिळू शकत होता, त्यांनी विचारलं. बाकीच्यांचा इतिहास कुठे लिहिलेलाच नाही.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या. २०१२ साली 'पोक्सो' कायदा झाला. त्याने लहान मुलांवरचे अत्याचार कळवणं सगळ्यांना बंधनकारक केलं. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, फुकट लागतो, सगळ्या शाळांच्या भिंतींवर लिहायला हवा. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' या नावाने सल्ला केंद्रं निघाली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांमधून हजारो मुलामुलींशी मोकळेपणाने बोलून दाखवलं. २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माणसाच्या प्रजननाचं सविस्तर आणि नीट लिहिलेलं आहे. ते वर्गात वाचलं जातं की 'घरी वाचा' म्हणून सांगितलं जातं, हे प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला एकदा विचारून बघावं.

निवृत्त झाल्यावर मी द्रोणागिरीला राहायला आलो. खाजणात भराव घालून सिडकोने उठवलेली ही वस्ती. खिडकीतून उरणचा डोंगर दिसतो. हनुमान संजीवनीसाठी द्रोणागिरी उचलून नेत असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, तोच हा डोंगर, असं इकडची जुनी माणसं सांगतात. संध्याकाळी इमारतीखाली कट्ट्यावर चार-पाच पोरं एका फोनवर डोकी टेकवून बसलेली असतात. आजी-आजोबा बघून नाक मुरडतात. काय बघत असतील ते मलाही माहीत आहे. पण मला तो डोंगर आठवतो. हनुमानाने अख्खा डोंगर का उचलला? कारण त्याला नेमकी वनस्पती ओळखता येईना आणि तिथे दाखवायला कुणी नव्हतं. या पोरांनीही तेच केलंय. एका साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी अख्खा डोंगर खिशात घेऊन फिरतायत, विषारी झाडाझुडपांसकट. हनुमानाला निदान लंकेत सुषेण वैद्य भेटला, त्या डोंगरातून नेमकं पान खुडून देणारा. यांना कोण भेटणार?

मुलांना कुणाला विचारावंसं वाटतं, याचं उत्तर मला त्या चिठ्ठीतल्या एका शब्दातच मिळालं होतं : 'पेटीला.' जो ओरडत नाही, हसत नाही, घरी सांगत नाही आणि तरी उत्तर देतो, त्याला. कर्वे सव्वीस वर्षं ती पेटी झाले. दंड भरून, नोकरी गमावून झाले. मी दोन शनिवार झालो.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या छोट्या वाचनालयात मी एक खोकं ठेवलंय. वर फट, ब्राउन पेपर, सगळं तसंच. शेजारच्या विंगमधल्या एक निवृत्त परिचारिका मदतीला आहेत. मुलींची उत्तरं त्या देणार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका गृहस्थांनी विचारलं, "मास्तर, हे आता या वयात कशाला?" मी काही बोललो नाही.

पहिल्या आठवड्यात चारच चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक डाव्या हाताने लिहिलेली आहे, आणि मी तसं कुणाला सांगितलं नव्हतं. पेटी दर रविवारी सकाळी उघडायची असं ठरलंय. पाऊस असो, पाहुणे असोत, मीटिंगमध्ये कुणी काही म्हणो.